चार खेपांची डमी

माझ्या हातचा मुख्य उमेदवाराचा अर्ज तीस वर्षांत एकदाच बाद झाला, आणि तोही माझ्या चुकीनं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या तालुक्यात माणसं अर्धं ऐकतात आणि दीडपट करून पुढं सांगतात.

मी उत्तमराव. हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, पण गाव मला 'फॉर्मवाले उत्तमराव' म्हणूनच ओळखतं. सेवा सोसायटीपासून विधानसभेपर्यंत खुशालरावांच्या घरचा प्रत्येक अर्ज मी भरला. रकाना रिकामा सोडायचा नाही, लागू नसेल तिथं 'निरंक' लिहायचं, प्रत्येक पानावर सही घ्यायची. खुशालराव तीन वेळा आमदार झाले. भाषणं त्यांनी केली, हार त्यांनी घालून घेतले, अर्ज मी भरले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. थोडी आहे.

विधानसभेला मोठ्या पक्षाचा उमेदवार उभा राहतो तेव्हा त्याच्या मागं आणखी एक अर्ज भरून ठेवतात. पक्षाच्या पत्रात वर मुख्य उमेदवाराचं नाव, खाली पर्यायी उमेदवाराचं. छाननीत मुख्याचा अर्ज मंजूर झाला की खालचा तिथंच बाद. मुख्याचाच बाद झाला तर मात्र खालचा माणूस पक्षाचा उमेदवार. असं कधी होत नाही, म्हणून लोक त्याला डमी म्हणतात. खुशालरावांनी आपल्या पहिल्या, हरलेल्या निवडणुकीत सख्ख्या भावाला डमी केलं होतं. त्या भावानं खुशालरावांचा अर्ज बाद व्हावा म्हणून नवस बोलल्याचं कानावर आलं. तेव्हापासून घरचा नियम ठरला की डमी असा पाहिजे, ज्याला आमदारकीचं स्वप्नसुद्धा पडणार नाही.

असं माणूस खुशालरावांना सापडलं ते म्हणजे वच्छलाबाई हाडोळे. गावाच्या शिवेवर यांचं दीड एकर बागायत वावर. मेथी, वांगी, हिरवी मिरची. घरधनी आणि सून वावर सांभाळतात, आणि वच्छलाबाई आठवड्याचे सहा दिवस सहा गावचे बाजार करतात. आमचा तालुका अकोला जिल्ह्यात, पण निम्म्या गावांचा ओढा अमरावतीकडं, त्यामुळं दोन्हीकडच्या एस.टी.चे कंडक्टर या बाईला टोपल्यांसकट ओळखतात. पक्षाच्या सभेला बायका जमवायचं काम यांचं. स्टेजवर कधी बसल्या नाहीत, कोणी बसवलं नाही. घर महानुभाव पंथाचं. वर्षातून एकदा रिद्धपूरची यात्रा, कोणी भेटलं की 'दंडवत प्रणाम', आणि मुहूर्त-शकुन विचारायची त्या घरात पद्धत नाही.

तीन निवडणुका या बाई खुशालरावांच्या डमी होत्या. अर्ज दिल्यावर उमेदवाराला अधिकाऱ्यासमोर एक शपथ घ्यावी लागते, राज्यघटनेशी निष्ठा राखीन अशी. छाननीचा दिवस उजाडायच्या आत ती घेतली नाही तर अर्ज गेला. डमीची शपथ कोणी मनावर घेत नाही. पहिल्याच खेपेला तिथला अधिकारी हसून म्हणाला होता, "बाई, तुमचा अर्ज उद्या बादच होणार आहे. शपथेची काय एवढी घाई?"

वच्छलाबाई पदर सावरून म्हणाल्या, "कागदावर नाव माह्यं आहे ना साहेब? मंग शपथ बी माहीच."

आणि त्यांनी एकेक शब्द वाचून ती घेतली. दुसऱ्या दिवशी अर्ज बाद. पाच वर्षांनी पुन्हा तेच, त्याच्या पाच वर्षांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही, शपथ पाठ झाली होती. आम्ही त्यांना गमतीनं 'अनुभवी डमी' म्हणायचो. त्याही हसायच्या. आम्हाला वाटायचं, हसतात म्हणजे त्यांना काही वाटत नसेल.

चौथ्या खेपेला खुशालरावांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. नागपूरच्या दवाखान्यात होते, डॉक्टरांनी फोनसुद्धा बंद केलेला. तिकीट त्यांच्या मुलाला मिळालं, अंकुरला. अंकुर पुण्यात शिकलेला, बोलायला गोड, पण दाढी, गाडी आणि मुहूर्त या तीन गोष्टींत कोणाचं ऐकणारा नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका जोशीबुवांनी त्याला शेवटच्या दिवसाचा, मंगळवारचा, दुपारी दोन वाजून सदतीस मिनिटांचा मुहूर्त काढून दिला. तीन वाजता दार बंद होतं. मी म्हटलं, बाबू, शेवटच्या तासाला अर्ज भरतो तो घोड्यावर बसून फेटा शोधणारा नवरदेव. त्यानं ऐकलं नाही.

वच्छलाबाईंनी सकाळी अकरालाच येऊन आपला चौथा डमी अर्ज दिला, चौथ्यांदा शपथ घेतली आणि दुपारच्या गाडीनं बाजाराला गेल्या.

अंकुर वाजतगाजत आला. रांग होती. अर्ज टेबलावर पडला तेव्हा तीनला दहा कमी होते, आणि कागद तपासता तपासता तीन वाजून गेले. अर्ज वेळेत होता, त्यात काही खोट नव्हती. निवडणूक अधिकारी साहेब म्हणाले, आता शपथ घ्या. अंकुरनं घड्याळ पाहिलं आणि हात मागं घेतला. मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ.

"राहुकाळात शपथ नाही घ्याची, काका," तो माझ्या कानात म्हणाला. "साडेचारनंतर येतो."

बाहेर जेसीबीतून फुलं उधळायची होती. मिरवणूक निघाली. साडेचार झाले, पाच झाले. मी फोन केला, तो दुसऱ्याच कोणीतरी उचलला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा अंकुर स्वतः बोलला. मागं ढोल, आणि चार टाळकी ऐकायला उभी असावीत, कारण तो जरा मोठ्यानंच म्हणाला, "उत्तमकाका, शपथ निवडून आल्यावर मुंबईत असते. तुमी फॉर्म पाहा, राजकारण मले पाहू द्या."

पलीकडं हसण्याचा आवाज आला. मी फोन ठेवला आणि चहा मागवला. चौथा फोन करायला हवा होता का? हवा होता. केला नाही. माझं डोकं गरम होतं आणि चहा चांगला होता.

बुधवारी छाननीला अंकुर नवी सफारी घालून शपथ घ्यायला हजर. साहेबांनी शांतपणे सांगितलं की शपथ छाननीच्या तारखेच्या आधी घ्यायची असते, काल दिवस मावळेपर्यंत मी वाट पाहिली. अर्ज बाद. अंकुरच्या वकिलानं बरंच पुस्तक उलटंपालटं केलं. मग साहेबांनी पुढचा कागद उचलला. "वच्छला हाडोळे. पर्यायी उमेदवार. शपथ घेतलेली आहे. अर्ज वैध." खोलीत इतके लोक होते, पण कोणाला टाळी वाजवायचं सुचलं नाही.

मी मोटारसायकल काढून बाजार गाठला. वच्छलाबाई वांगी तोलत होत्या.

"वच्छलाबाई, तुमचा अर्ज मंजूर झाला."

"मंजूर?" त्यांनी काट्यावरची नजर काढली नाही. "काहून? कोनाची चूक झाली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी अर्धा किलो पुरतं तोललं, सवयीप्रमाणं वरून मूठभर टाकली, गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि मग टोपलीच्या कडेला हात टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, "चार खेपा घेतलेली शपथ, उत्तमभाऊ. एक लागली." डोळ्यांना पदर लावला तेव्हा मला कळलं की या बाईला दर खेपेला काहीतरी वाटत होतं. आम्ही पंधरा वर्षं हसत होतो.

खुशालराव दोन दिवसांनी घरी आले. पलंगावर उशीला टेकून बसले होते, आवाज खोल गेलेला, पण डोकं जागेवर. अंकुरकडं त्यांनी पाहिलंही नाही. वच्छलाबाई खाली सतरंजीवर बसल्या.

"वच्छला, माही सगळी मानसं तुह्यामागं लावतो," ते म्हणाले. "पन हे सीट अंकुरचं आहे. तू राजीनामा लिहून दे. तारीख टाकू नको. मी म्हनीन त्या दिवशी तू तो द्याचा, पोटनिवडणूक होईल, अंकुर उभा राहील. कबूल?"

मला वाटलं त्या विचार करायला वेळ मागतील. त्यांनी मला विचारलं, "कसं लिहाचं असते, सांगा." मी सांगितलं, त्यांनी आपल्या सातवी पास अक्षरात लिहिलं आणि सही केली. वाईट अर्ज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच मसुद्याची शिसारी आली.

प्रचाराची पत्रकं अंकुरच्या फोटोची छापून आली होती. त्यावर वच्छलाबाईंचा फोटो चिकटवला तर अंकुरचे कान दोन्ही बाजूंनी दिसायचे. तशीच वाटली. बाईंना भाषण येत नव्हतं. त्या बाजारात जायच्या आणि ओट्यावर बसलेल्या प्रत्येकीला नावानं हाक मारायच्या. पंचवीस वर्षं त्यांच्या काट्यावर ज्यांनी भाजी घेतली त्यांना वरची मूठ आठवत होती. विरोधी उमेदवारानं सभेत विचारलं, भाजीवाली काय विधानसभा चालवणार. त्या आठवड्यात त्याच्या घरी कोणीही भाजी दिली नाही, असं म्हणतात. मी ते तपासलेलं नाही, पण मला ते खरं वाटायला आवडतं.

वच्छलाबाई सहा हजार दोनशे चौदा मतांनी निवडून आल्या. खुशालराव कधी चार हजारांच्या वर गेले नव्हते. मतमोजणीच्या दारात टीव्हीवाल्यांना मुलाखत अंकुरनंच दिली, हा पक्षाचा विजय आहे म्हणून. कोणीतरी त्याला आमदारसाहेब म्हटलं, त्यानं दुरुस्त केलं नाही.

मग सहा महिने आमच्या तालुक्यानं एक वेगळाच आमदार पाहिला. अकोटच्या पहाटेच्या गाडीत भाजीच्या टोपल्या घेत नव्हते, तर ही आमदार स्वतः दोन टोपल्या घेऊन स्टँडवर उभी राहिली. कंडक्टरनं आधी टोपली नाकारली, मग तोंड पाहिलं. आठवड्याभरात मागची चार बाकं काढून टोपल्यांना जागा झाली. बाजाराच्या ओट्यांवर पत्रे आले. बायकांसाठी बाजारात मोरी झाली, जिच्यासाठी खुशालरावांनी तीनदा नारळ फोडला होता. लोक वावरात भेटायला यायचे. बाई मिरची तोडता तोडता ऐकायच्या, आणि मी बांधावर बसून अर्ज लिहायचो. तीस वर्षं अर्ज लिहिले, पण त्यांतले इतके कामाला लागलेले तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

वैशाखात खुशालरावांची तब्येत सुधारली आणि त्यांनी कागद बाहेर काढला.

मी धावत वावरात गेलो. "देऊ नका," मी म्हटलं. "मुंबईत अध्यक्ष समोर बसवून विचारतात, स्वखुशीनं देता का. नाही म्हणा. काम झालं. तो कागद चुलीत घालायच्या लायकीचा आहे, मीच लिहवला म्हणून सांगतो."

वच्छलाबाई मिरचीचं पोतं शिवत होत्या. "सही कोनाची आहे?"

"तुमचीच. पण..."

"उद्या बाद होनाऱ्या अर्जावर मी तीन खेपा खरी शपथ घेतली, उत्तमभाऊ. आता मंजूर झाली म्हनून खोटं बोलू?"

आणि ही बाई मुंबईला गेली, अध्यक्षांसमोर 'स्वखुशीनं' म्हणाली, आणि राजीनामा देऊन परत आली. दुसऱ्या दिवशी बाजारात काटा घेऊन बसली. मला इतका राग आला की मी अकरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या दुकानावरून जाताना मान फिरवायचो. माझी बायको शालू एरवी राजकारणावर बोलत नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तिची आमदारकी गेली म्हनून तुमाले दुखून राहिलं, का तुमचं कोनी ऐकलं नाही म्हनून?" मी ताटावरून उठणार होतो, पण ठेचा फार चांगला झाला होता.

दसऱ्याच्या आधी पोटनिवडणूक लागली. पक्षाचं तिकीट अंकुरला. जाहीर झालं त्याच सकाळी वच्छलाबाई माझ्या ओसरीवर आल्या, 'दंडवत प्रणाम' म्हणून बसल्या आणि पिशवीतून कोरा अर्ज काढला.

"भरून द्या."

"कोणाचा?"

"माहा. अपक्ष."

मी अर्ज हातात घेतला. मग माझ्या लक्षात आलं की राजीनाम्याच्या कागदावर राजीनाम्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मीच लिहवला होता, आणि तीस वर्षं रकाने भरणाऱ्या मला हा एक रकाना रिकामा दिसला नव्हता. बाईंना तो पहिल्या दिवसापासून दिसत होता. त्या वचन पाळणार होत्या, पूर्ण पाळणार होत्या, आणि मग मोकळ्या होणार होत्या.

खुशालरावांकडं मी स्वतः जाऊन सांगितलं की यंदा अंकुरचा अर्ज वकिलाकडून भरून घ्या. तीस वर्षांचा संबंध. रस्त्यावर आलो तेव्हा मात्र हलकं वाटलं.

अर्ज भरायच्या दिवशी तहसीलच्या व्हरांड्यात सगळे समोरासमोर आले. अंकुरनं या वेळी मुहूर्त पाहिला नव्हता. दार उघडताच आत घुसला, शपथ घेतली, आणि साहेबांना विचारलं, "पुन्हा एकदा घेऊ का?" आमचा नंबर दुसरा होता. वच्छलाबाईंनी हात जोडले आणि कागदाकडं न पाहता शपथ म्हटली. साहेब कागदावर बोट ठेवून पडताळत होते. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

बाहेर खुशालराव खुर्चीवर बसले होते. "वच्छला," ते म्हणाले, "तू मले शब्द देल्ला होता."

"राजीनाम्याचा शब्द होता, भाऊसाहेब. तो देल्ला," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "घरी बसाचा शब्द तुमी मागतला नाही, अन् मी देल्ला नाही."

खुशालरावांनी खुर्ची मागं सारून गाडी बोलावली. मी त्या माणसाला ओळखतो. राजकारणात त्यांना कोणी फसवलं की ते चिडतात, पण कोणी खरं बोलून हरवलं की त्यांना चिडताही येत नाही.

चिन्ह मिळालं हिरवी मिरची. यादीत अंगठी होती, कपाट होतं, पतंग होता. बाईंनी मिरचीवर बोट ठेवलं. मग प्रचाराला पत्रकांची गरजच राहिली नाही. प्रत्येक बाजारात प्रत्येक ओट्यावर आमचं चिन्ह ढिगानं पडलेलं. गावागावांत बायका आम्हाला भाकरी-ठेचा खायला घालायच्या आणि जाताना दारावर मिरच्यांची माळ बांधून दाखवायच्या. अकोटच्या गाडीच्या कंडक्टरनं टोपल्यांच्या जागेवर कोणीतरी काढलेलं मिरचीचं चित्र पुसलं नाही. पक्षाचे निम्मे कार्यकर्ते दिवसा अंकुरच्या गाडीत बसायचे आणि उतरताना माझ्याकडं पाहून डोळा मारायचे. मी कोणाचं नाव सांगणार नाही.

मोजणी सकाळी आठला सुरू झाली. पहिल्या फेरीतच दोन हजारांनी पुढं. पाचव्या फेरीनंतर अंकुरचे प्रतिनिधी चहाला म्हणून बाहेर गेले ते आलेच नाहीत. मी टेबलाजवळ बसून प्रत्येक फेरीचा आकडा लिहून घेत होतो, आणि बाराव्या फेरीला माझ्या लक्षात आलं की मला अक्षर दिसत नाही. चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

अठ्ठावीस हजार तीनशे नऊ. आमच्या मतदारसंघात एवढ्या मतांनी कोणी कधी निवडून आलेलं नाही, आणि अपक्ष तर नाहीच नाही. दुपारी एक वाजता वच्छलाबाई प्रमाणपत्र घेऊन पायरीवर आल्या. बाहेर बायकांचा समुद्र, प्रत्येकीच्या हातात मिरची. जेसीबी नव्हता. कोणीतरी टोपलीभर झेंडू त्यांच्या डोक्यावरून ओतला. त्या हसल्या, आणि त्यांनी ते प्रमाणपत्र आधी माझ्या हातात दिलं. "पाहा, उत्तमभाऊ, रकाना कुठं रिकामा राहिला काय?"

मी पाहिलं. मुख्य, पर्यायी, असं त्यात काहीच लिहिलेलं नसतं. फक्त नाव असतं. वच्छला हाडोळे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खुशालराव. मला वाटलं आता शिव्या ऐकायच्या. गर्दीतून बाजूला होऊन कानाला लावला.

"उत्तम," पलीकडून खोल, थकलेला, पण ठाम आवाज आला, "तिले माहा नमस्कार सांग. खरी कमाई आहे. अन् आईक. पुढच्या खेपेले पक्षाचं तिकीट तिलेच; तिचा अर्ज भरशील तवा डमी म्हनून अंकुरचं नाव टाकजो. पोराले शिकू दे."

मी वच्छलाबाईंना जसंच्या तसं सांगितलं. बायका गुलाल उधळत होत्या, ढोल कानाशी होता. त्या वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "टाका. पन त्याले सांगजा, डमीले बी शपथ लागते."